हाताने घडवलेल्या उंची सपातांमध्ये पुरुषांना एवढे काय आवडते?

प्रश्न

घरात घालायच्या सपाता मी आजवर कधीही विचारपूर्वक विकत घेतल्या नव्हत्या. काही महिन्यांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने हाताने शिवलेल्या कातडी सपातांचा एक जोड मला भेट दिला. पहिले काही दिवस तो पायाला आवळत होता, परंतु दोन-तीन आठवड्यांत असा काही बसला की आता दुसरे काही पायात घालवत नाही. हा खरोखर कारागिरीचा गुण आहे की किमतीमुळे झालेला माझा समज? वडिलांसाठीही असा जोड घ्यावा असे मनात आहे. निवडताना काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

आपला अनुभव खरा आहे आणि त्याचे कारण सपातेच्या रचनेतच आहे. बुटाला नाडी असते, सँडलला बक्कल असते, त्यामुळे माप थोडे चुकले तरी आवळून सांभाळून घेता येते. सपातेला यांतले काहीच नसते; पावलाच्या वरच्या बाजूला कातडे जेवढे टेकते, तेवढ्यावरच तिची सगळी पकड असते. म्हणूनच दिसायला सर्वांत साधे असलेले हे पादत्राण घडवायला अवघड असते, आणि कारागिराचा हात जितका येथे दिसतो तितका नाडीच्या बुटातही दिसत नाही, असे माझे मत आहे.

सारे काही कलबुतावर ठरते. कलबूत म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी साचा. ओलसर केलेले कातडे त्यावर चिमट्याने ओढून, तात्पुरते खिळे मारून बसवतात आणि तसेच वाळू देतात. जनावराच्या पाठीकडचे कातडे घट्ट आणि पोटाकडचे सैल असते, त्यामुळे कोठे किती ओढायचे हे हातालाच कळावे लागते. पादत्राणांच्या कारखान्यांत हे काम यंत्राकडे फार उशिरा गेले, ते याच कारणाने. तळ शिवण्याच्या यंत्राचे पेटंट लायमन ब्लेक यांना १८५८ मध्ये मिळाले होते. कलबुतावर कातडे ओढणाऱ्या यंत्राचे पेटंट यान मॅटझेलिगर यांना मिळायला मात्र १८८३ साल उजाडले. तोवर कुशल कारागीर दिवसाला सुमारे ५० जोड ओढत असे. या यंत्राने तो आकडा १५० ते ७०० वर नेला.

शिवणही निरखून पाहावी. हाताच्या शिवणीत मेण लावलेला एकच दोरा दोन सुयांनी प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी ओवतात, त्यामुळे एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके उसवत नाहीत. काही सपाता उलट्या शिवून मग सुलट्या करतात; त्यांची शिवण आत दडते आणि तळ इतका लवचीक राहतो की पाऊल वळेल तशी सपाता वळते. मला स्वतःला हीच पद्धत सर्वांत प्रिय आहे.

उत्तर २

कातड्याविषयी थोडी भर घालतो. झाडांच्या साली किंवा हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांत कातडे कमवायला कित्येक आठवडे लागतात, तर क्रोमच्या क्षारांनी ते काम साधारण दिवसाभरात होते. क्रोमचे कातडे मऊ असते आणि पाणी अधिक सोसते, त्यामुळे ते वाईट म्हणता येत नाही. परंतु वनस्पतींनी कमावलेले कातडे उबेने आणि घामाच्या ओलाव्याने हळूहळू पायाचा आकार घेते आणि वापराने त्याचा रंग गडद होत जातो. आपला जोड आधी आवळून नंतर बसला, यावरून त्याचे कातडे बहुधा याच प्रकारचे असावे.

पुरुषांच्या उंची सपातांचा दुसरा घाट मखमलीचा. व्हिक्टोरिया राणीच्या पतीच्या नावाने ओळखली जाणारी प्रिन्स अल्बर्ट सपाता मखमलीची असते. आत रजईसारखे शिवलेले अस्तर आणि खाली कातडी तळ. तिच्यावर पोकळ जरीचे बारीक तुकडे मण्यांसारखे ओवून नावाची आद्याक्षरे भरतात. ते काम फार देखणे होते, पण रोजच्या वापराला मी कातडेच सुचवीन.

उत्तर ३

वडिलांसाठी घेणार असाल तर कारागिरीच्या आधी तळ पाहा. गुळगुळीत कातडी तळ फरशीवर, विशेषतः ओल्या फरशीवर घसरतो, आणि टाचेकडे उघडी असलेली सपाता वयस्कर माणसाच्या पायातून सहज निसटते. माझ्या काकांना असाच एक सुंदर जोड मी आवडीने दिला होता आणि ते घसरून पडले; सुदैवाने मोठी दुखापत झाली नाही. टाच बंद असलेला, तळाला पातळ रबर लावलेला जोडच घ्यावा. डौल थोडा कमी होतो, पण मला ते मान्य आहे.

प्रश्नकर्ता

ही बाब माझ्या ध्यानातच आली नव्हती, मनापासून आभार. रबर लावल्याने तळ पुढे बदलता येत नाही, असे तर होत नाही ना? आणि वडिलांचे माप मी कसे घ्यावे?

उत्तर १

तळ शिवलेला असेल तर रबर झिजल्यावर ते सोलून नवे चिकटवता येते आणि मूळ तळही उसवून बदलता येतो. फक्त चिकटवलेल्या तळाची अशी दुरुस्ती क्वचितच धड होते. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. वडिलांना कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करावे आणि पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची रेघ काढावी, कारण दोन पावले क्वचितच सारखी असतात. पावलाच्या सर्वांत उंच भागाभोवतीचा घेरही फितीने मोजून कारागिराला कळवावा; सपातेच्या बाबतीत तो लांबीइतकाच महत्त्वाचा असतो.