मदत हवी: नेकेड मोल रॅट आणि पँटाला चतुर यांची तुलना कोणत्या निकषांवर करू?

नमस्कार मंडळी,

सातवी-आठवीच्या मुलांसाठी भित्तिपत्रक करते आहे. पूर्व आफ्रिकेत सापडणारे दोन जीव घेतलेत. एक जमिनीखालचा, दुसरा आभाळातला.

नेकेड मोल रॅट हा जवळपास बिनकेसांचा उंदीर. वजन जेमतेम 30-35 ग्रॅम, आणि सगळा जन्म बिळांच्या जाळ्यात जातो. वसाहतीत साधारण 75-80 जण असतात, पण पिल्लं एकटी राणीच घालते. मधमाश्यांसारखी ही व्यवस्था सस्तन प्राण्यातही असते, हे प्राणिशास्त्रज्ञ जेनिफर जार्विस यांनी 1981 मध्ये दाखवून दिलं.

दुसरा पँटाला फ्लेव्हेसेन्स, म्हणजे लांब पल्ल्याचं उडणारा एक चतुर. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात अंडी घालतो आणि दीड-दोन महिन्यांत नवा चतुर उडतो. ऑक्टोबरच्या सुमारास हे चतुर मालदीवमध्ये झुंडीने उतरतात. तिथे जमिनीवर गोडं पाणी फारसं साचत नाही, मग ते येतात कुठून? भारतातून निघून वाऱ्याच्या साथीने हिंदी महासागर ओलांडत ते पूर्व आफ्रिकेला जातात, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडलं. एवढासा कीटक समुद्र ओलांडतो हे वाचल्यापासून मी या विषयात गुंतले आहे.

अडचण आयुर्मानाच्या रकान्यात आहे. पाळलेले मोल रॅट 30 वर्षांहून जास्त जगलेत, चतुराचं आयुष्य काही महिन्यांचं. आकडे शेजारी लिहिले की मुलं म्हणणार, उंदीर जिंकला. पण चतुराचा जाऊन-येऊन प्रवास एकट्या जिवाचा नसतोच. जाणारे वेगळे, परतणारे त्यांचे वंशज. म्हणून मला वाटतं, इकडे अख्खी वसाहत आणि तिकडे पिढ्यांची साखळी अशी तुलना करावी. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे चालेल का?

दुसरं, श्वासाचा रकाना ठेवायची फार इच्छा आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोल रॅट ऑक्सिजनशिवाय 18 मिनिटं तगले, कारण त्यांचं शरीर तेव्हा फ्रुक्टोजवर (फळांत असते त्या साखरेवर) चालतं. चतुराची पाण्यातली अळी तर गुदाशयातल्या कल्ल्यांनी श्वास घेते! पण एकीकडे ऑक्सिजनच नाही आणि दुसरीकडे तो पाण्यातून मिळवायचा. दोन्ही एका रकान्यात घातले तर मुलांचा गोंधळ होईल का?

कीटकांचा अभ्यास असलेल्यांनी आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा. एकच रकाना ठेवायचा झाला तर तुम्ही कोणता ठेवाल, आणि का?