डम्पिंग ग्राउंडची बिलं उपग्रहावरून तपासावीत का?

(चौघांची चर्चा: भूमापक, घनकचरा अभियंता आणि तळतापमान व खाडीवारा या टोपणनावांचे दोघे)

भूमापक

२०१६ च्या जानेवारीत मुंबईतलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं तेव्हा त्याचा धूर नासाच्या उपग्रहचित्रांत दिसला होता. त्यानंतर चित्रं कितीतरी सुधारली, पण जुना कचरा उपसण्याचं बिल अजून वजनकाट्याच्या पावतीवरच निघतं. मुलुंडच्या डम्पिंगवर मुळात २४ हेक्टरवर सुमारे ७० लाख टन, देवनारला १८५ लाख टन. एवढ्या मालाचा पुरावा म्हणजे डंपरची पावती. एकच गाडी दोनदा काट्यावर चढली, पावसाचं पाणी कचऱ्यात मुरलं, बाहेरची माती मिसळली, तरी आकडा फक्त वाढतो.

माझी मागणी अशी, की उपग्रहावरून काढलेल्या घनफळाशी ताळा जमल्याशिवाय एकही मासिक बिल मंजूर होऊ नये. पद्धत अवघड नाही. अर्ध्या मीटरची स्टिरिओ जोडचित्रं, म्हणजे एकाच जागेची दोन कोनांतून घेतलेली चित्रं, घ्यायची आणि त्यावरून उंचीचा नकाशा करायचा. दोन तारखांचे नकाशे आधी डम्पिंगबाहेरच्या न हलणाऱ्या जागांवर जुळवायचे, म्हणजे डांबरी रस्ते, मैदानं वगैरे. तिथे उरलेला फरक काढून टाकायचा आणि मग वजाबाकी. या जागा कचऱ्याच्या डोंगराच्या चारही बाजूंना हव्यात. एकाच बाजूच्या घेतल्या तर नकाशा तिरका बसतो आणि तो तिरकेपणा कचरा म्हणून मोजला जातो.

घनकचरा अभियंता

साफ असहमत. आधी हिशेब बघू.

स्टिरिओ चित्रांवरच्या उंचीत १ मीटरची सरसकट चूक राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. २४ हेक्टर म्हणजे २ लाख ४० हजार चौरस मीटर. १ मीटर चुकलात की २ लाख ४० हजार घनमीटर चुकलात. जुन्या कचऱ्याची जागेवरची घनता घनमीटरला १ टन धरली तरी झाले २ लाख ४० हजार टन. ७० लाख टन ६ वर्षांत उचलायचे धरले तर महिन्याला साधारण ९७ हजार टन येतात. म्हणजे तुमच्या मोजणीतली चूकच अडीच महिन्यांच्या बिलाएवढी. अशा मापावर कोणाचं बिल अडवाल? लवादात पहिल्या सुनावणीला ते कोसळेल.

शिवाय घनता स्थिर नसते. खालचा दाबलेला थर घनमीटरला १ टनाच्या वर जातो, वरचा प्लास्टिकचा थर त्याहून बराच हलका. उपसला की कचरा फुगतो. तो २ मीटर उंचीच्या लांबट ढिगांत पसरतात, कचरा कुजवणारं जिवाणूंचं कल्चर फवारतात, आठवड्याला उलटतात आणि मग ट्रॉमेलमधून, म्हणजे फिरत्या चाळणीतून, चाळतात. हे सगळं त्याच आवारात होतं. एका कोपऱ्यात खड्डा, दुसऱ्या कोपऱ्यात ढीग. चाळलेली बारीक माती उचलली नाही तर घनफळ जवळपास तेवढंच राहतं, मात्र काट्यावर मेहनत नोंदलेली असते. काम झालं नाही असं म्हणणार का?

आणि जून ते सप्टेंबर काय करणार? त्या चार महिन्यांत मुंबईचं ढगविरहित चित्र मिळणं नशिबाचा भाग आहे.

भूमापक

मासिक बिलाबाबतचा हिशेब मान्य, ती मागणी मागे घेतो. पण तुमचाच आकडा उलटा वाचा. ७० लाखांत २ लाख ४० हजार म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत. मासिक बिल काट्यावर द्या, पण दरवर्षी डिसेंबरात ताळा घ्या आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की पुढचं देयक थांबवा. चाळलेली माती आवारातच पडून असेल तर तेही लोकांना दिसलंच पाहिजे. जमीन मोकळी करायला ठेका दिला आहे, कचरा फिरवायला नाही.

ढगांसाठी सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार आहे, ते पावसातही बघतं.

घनकचरा अभियंता

रडार बघतं, पण मोजत नाही. जमीन किती खचली हे काढायला दोन फेऱ्यांमध्ये पृष्ठभाग तसाच राहावा लागतो. जिथे रोज पोकलेन फिरतो तिथे १२ दिवसांत सगळं बदलतं आणि दोन चित्रांची सांगडच तुटते. माती टाकून बंद केलेल्या उतारांवर ते उत्तम चालतं. चालू कामावर त्यातून एवढंच कळतं, की इथे काहीतरी हललं.

तळतापमान

बिलांच्या वादात आगीचा मुद्दा मागे पडला. उपग्रहाचा सगळ्यात रोकडा उपयोग तिथेच आहे, पण कुठला उपग्रह काय दाखवतो हे न कळल्यामुळे नेहमी गफलत होते.

व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाची चौकट, म्हणजे चित्रातला सगळ्यात लहान ठिपका, ३७५ मीटरची आणि फेरी साधारण रात्री दीड आणि दुपारी दीडची. उघडी ज्वाळा असेल तर तो पकडतो. आत धुमसणारी आग पकडेल याचा भरवसा नाही. लँडसॅट उपग्रहाचं उष्णतेचं चित्र ३० मीटरचं म्हणून हातात येतं, पण मूळ मोजणी १०० मीटरची. त्यामुळे ३० मीटरच्या एका चौकटीवर बोट ठेवून इथे आग आहे असं म्हणू नका. आणि ते सकाळी साडेदहाच्या सुमाराचं असतं. तोवर काळपट उघडा कचरा उन्हानेच तापलेला असतो. आत ५०-६० अंश असलं तरी पृष्ठभागावर शेजारपेक्षा थोडेच अंश जास्त दिसतात आणि तेवढा फरक तर ऊनसुद्धा पाडतं.

म्हणून तुलना झाडीशी नाही, जवळच्या उघड्या जमिनीशी करा. तीच जागा सलग चार-पाच चित्रांत गरम दिसली तरच तिथे तापमानाची सळई घालून बघा. रात्रीचं चित्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. अंतराळ स्थानकावरच्या इकोस्ट्रेस या उष्णता मोजणाऱ्या उपकरणाची कधी कधी मिळतात, सुमारे ७० मीटरची.

आग लागल्यावर सेंटिनेल-२ उपग्रहाचा १२ वा पट्टा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त लहरींचं चित्र, पाहा. २० मीटरच्या चौकटीत, पातळ धुरातूनही ज्वाळेची रेघ दिसते. अग्निशमन दलाला बंब कुठल्या बाजूने न्यायचा यासाठी ते चित्र कामाचं आहे, फक्त ५ दिवसांतून एकदाच मिळतं.

खाडीवारा

कचरा कुजताना निघणाऱ्या मिथेन वायूबद्दल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबई, दिल्ली, लाहोर आणि ब्युनोस आयर्स ही शहरं होती. आधी सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या ट्रोपोमी या वायू मोजणाऱ्या उपकरणाने शहर हेरलं (चौकट साडेपाच गुणिले सात किलोमीटर) आणि मग जीएचजीसॅट या खासगी उपग्रहांच्या सुमारे २५ मीटरच्या चौकटीने नेमकं डम्पिंग ग्राउंड. मुंबईतल्या कांजूरमार्ग डम्पिंगचा आकडा ताशी जवळपास १० टन आला. कागदावरच्या अंदाजांना असा बाहेरून धक्का बसणं फार गरजेचं होतं.

घनकचरा अभियंता

त्या आकड्यावर नोटीस काढता येईल का?

खाडीवारा

त्या एका आकड्यावर नाही. उपग्रह वायूचं प्रमाण मोजतो, ताशी टन हे वाऱ्यावरून काढलेलं असतं. वाऱ्यासोबत वाहणाऱ्या वायूच्या झोतातलं एकूण मिथेन गुणिले वाऱ्याचा वेग, भागिले झोताची लांबी. वाऱ्याचा वेग ४० टक्के चुकला की उत्तरही ४० टक्के चुकलं. मुंबईत हीच गोम आहे. उपग्रह दिवसा येतो आणि सकाळ संपता संपता जमिनीवरचा वारा पडून समुद्राकडचा सुरू होतो. हवामान मॉडेलची सुमारे ३० किलोमीटरची चौकट अर्धी समुद्रात, अर्धी जमिनीवर. तिच्यातला वारा डम्पिंगवरचा वारा असेलच असं नाही.

दुसरी अडचण कमी लोक सांगतात. कांजूर आणि देवनार दोन्ही ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर आहेत. पश्चिमेचा वारा झोत थेट खाडीवर नेतो आणि ज्या लहरींवर मिथेन दिसतं त्यांत पाणी जवळपास काळं असतं. झोत काठावर तुटल्यासारखा दिसतो आणि आकडा कमी भरतो. म्हणजे चूक झालीच तर ती प्रशासनाच्या सोयीची होण्याची शक्यता जास्त, हे लक्षात घ्या.

उपाय स्वस्त आहे. आवारातच १० मीटर उंचीचा वारामापक खांब बसवा आणि दर १० मिनिटांची नोंद लोकांसाठी खुली करा. मग कोणत्याही उपग्रहाचा आकडा तपासता येईल.

तळतापमान

याला पूर्ण पाठिंबा. खाडीकाठची तिवरं बघतानाही अशीच काळजी घ्या. भरतीच्या वेळचं आणि ओहोटीच्या वेळचं चित्र शेजारी ठेवलं तर लिचेटने, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याने, तिवरं मेली असं उगाच वाटतं. भरतीचं कोष्टक बघून सारख्या पाण्याची चित्रं निवडा.

भूमापक

अभियंतासाहेब, वार्षिक ताळ्याबद्दल तुमचं उत्तर राहिलं.

घनकचरा अभियंता

वार्षिक ताळ्याला माझा विरोध नाही, पण तो ड्रोनचा असावा. चित्रांची ८० टक्के पुढची आणि ७० टक्के बाजूची ओव्हरलॅप, जमिनीवर १० नियंत्रणबिंदू (अचूक मोजलेल्या खुणा) आणि तपासणीसाठी वेगळे ५. उंचीतली चूक ५ सेंटिमीटरपर्यंत आणता येते, म्हणजे २४ हेक्टरवर १२ हजार घनमीटर. यावर देयक अडवता येईल. उड्डाण मात्र ठेकेदाराने नाही, तिसऱ्याने करायचं.

भूमापक

मुंबईत प्रत्येक ठिकाणी ड्रोनची परवानगी वेळेत मिळेल असं धरून चालू नका. ज्या वर्षी मिळणार नाही त्या वर्षी स्टिरिओ उपग्रहचित्र, हे निविदेतच लिहा. नाहीतर परवानगी नाही या सबबीवर ताळाच होणार नाही.

घनकचरा अभियंता

हे चालेल. फक्त नियंत्रणबिंदू कचऱ्यावर रंगवू नका. डोंगर दर महिन्याला खचतो, बिंदूही खचतात. कुंपणाच्या पायावर, पंपघराच्या गच्चीवर आणि वजनकाट्याच्या काँक्रीटवर पक्क्या खुणा करा आणि त्यांची उंची दर वर्षी नव्याने मोजा. खाडीकाठच्या भरावावर काँक्रीटही खचतं.