पालिकेचा कचरा खाडीत, कोर्टात कसं जायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात नगरपालिकेची गाडी सगळा कचरा खाडीकाठच्या कांदळवनात ओतते. भरतीला पिशव्या, डायपर मुळांत अडकून बसतात. कालवं काढणाऱ्या बायकांचे पाय फुटक्या काचांनी कापतात. मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिला, नुसता पोच-शिक्का मिळाला.

कांदळवनात कचरा, राडारोडा टाकायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ सालीच मनाई केली आहे. ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (तिथल्या शाखेकडे) जातात, म्हणजे मुंबईची फेरी तरी वाचली.

तिथे थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली (उच्च न्यायालयात थेट दाद मागायची तरतूद) जनहित याचिका करावी, की आधी पुण्याच्या हरित लवादाकडे (पर्यावरणाचे खटले ऐकणारं न्यायाधिकरण) जावं? पालिकेला वकिलाची नोटीस आधी द्यावीच लागते का? मोबाईलवरचे फोटो पुरावा म्हणून कसे जोडायचे? अशी केस लढलेलं कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.