अंतर्मुख आणि ध्येयवादी माणसे : शिकण्याचे आणि नोकरीचे अनुभव

कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचा ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मांडणीचा आधार घेऊन कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत एक प्रश्नावली रचली आणि माणसांची सोळा प्रकारांत विभागणी केली. प्रत्येक प्रकाराला चार इंग्रजी अक्षरांचे नाव आहे. त्यांतील ‘आयएनएफपी’ या प्रकारचा माणूस अंतर्मुख असतो, समोरच्या तपशिलापेक्षा त्यामागच्या अर्थाकडे ओढला जातो, निर्णय करताना स्वतःच्या मूल्यांना प्रमाण मानतो आणि शेवटपर्यंत पर्याय खुले ठेवतो, असे सांगितले जाते. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी या विभागणीवर गंभीर आक्षेप घेतलेले आहेत. अंतर्मुखता सर्वांमध्येच कमी-अधिक प्रमाणात असते, तिचे दोन बंद कप्पे करता येत नाहीत, आणि तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा सोडवली तर अनेकांची अक्षरे बदलतात. मला हे आक्षेप मान्य आहेत.

तरीही हा विषय मी काढते आहे, कारण मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि दहावीच्या निकालानंतर दरवर्षी काही पालक अशा चाचणीचा छापील अहवाल घेऊन येतात. अबोल, भिडस्त, पण एखाद्या गोष्टीने पेटून उठणाऱ्या मुलामुलींच्या अहवालात बहुधा तीच यादी असते : लेखक, समुपदेशक, चित्रकार, समाजकार्य. ही यादी मला अपुरी वाटते. अशा माणसाचे समाधान क्षेत्राच्या नावापेक्षा रोजच्या कामाच्या घडणीवर अवलंबून असते, असे माझे ठाम मत झाले आहे. बोलण्याआधी विचार करायला वेळ मिळतो का, एका वेळी एकाच माणसाशी किंवा एकाच गोष्टीशी काम पडते का, आणि हे काम नेमके कोणासाठी चालले आहे ते डोळ्यांना दिसते का, हे प्रश्न मला अधिक मोलाचे वाटतात. शिकण्याचेही तसेच आहे. म्हणून वाचकांना विनंती अशी, की आपली अक्षरे लिहू नयेत. आपण एखादी गोष्ट कशी शिकलात आणि आपल्या कामाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, ते लिहावे.

मोडी लिप्यंतरकार, पुणे

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परीक्षेपुरता अभ्यास होत असे आणि परीक्षेनंतर त्यातले काहीही उरत नसे. मोडी लिपी मात्र मी आपणहून शिकलो, कारण आमच्या घरी पणजोबांच्या काळातील कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते आणि ते वाचू शकणारे घरात कोणी राहिले नव्हते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, विरामचिन्हे नसतात. त्यामुळे वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीत शब्द कोठे संपला हे अर्थावरून ठरवावे लागते. मला हे काम मनापासून आवडले. वर्गात मी सर्वांत मागे पडत असे, पण घरी एकेक कागद चार-चार संध्याकाळी घेऊन बसलो, की हळूहळू अक्षर लागत जाई.

२०२३ मध्ये मराठवाड्यात जात प्रमाणपत्रांसाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि नंतर तो राज्यभर झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. गाव नमुना चौदा, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही, माझ्या हाताखालून बरीच गेली. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मृत्यू असेल तर कारण, असे रकाने असतात आणि कडा बहुतेक वेळा कुरतडलेल्या असतात. एका गृहस्थांच्या पणजोबांच्या नोंदीत जातीच्या रकान्यावरच शाई पसरली होती. ते समोर बसून होते, त्यांच्या मुलाच्या प्रवेशाची मुदत जवळ आली होती, आणि ‘तुम्ही लिहिले की झाले’ असे ते कळवळून सांगत होते. त्यांचे दुःख मला कळत होते. पण जे अक्षर लागत नाही ते लागले असे मी लिहू शकत नाही, आणि त्या कागदावर मी तसाच शेरा दिला. त्यानंतर मी त्यांना वडिलांकडच्या सर्व पुरुषांची वंशावळ काढायला बसवले आणि पणजोबांच्या भावांच्या नोंदी कोणत्या गावांच्या दप्तरात सापडू शकतील ते लिहून दिले. एखाद्या अनोळखी कुटुंबासाठी शंभर वर्षांपूर्वीचे एक अक्षर तासभर न्याहाळत बसणे ज्याला मानवते, त्याला हे काम मानवेल.

जिल्हा परिषद शिक्षिका, बीड जिल्हा

आमची शाळा द्विशिक्षकी आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर पोरेही जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीजवळ मागे राहतात, आणि जी जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात तेव्हा वाचन मोडून गेलेले असते. मला गर्दी सोसत नाही, म्हणून शिक्षकी पेशा जमणार नाही असे माहेरी सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात मुलांचा मला कधीच त्रास वाटला नाही. परत आलेल्या मुलाला मी पहिले काही दिवस फळ्यासमोर उभे करीत नाही. दुपारी खिचडी झाली, की ओट्यावर त्याच्या शेजारी बसते, तो बोट ठेवील तो शब्द वाचते आणि थांबते. एक मुलगी अशी बरेच दिवस एक शब्दही बोलली नाही. नंतर एके दिवशी तिने माझ्या हातातले पुस्तक ओढून घेतले आणि पान संपेपर्यंत दिले नाही.

मी थकते ती इतर गोष्टींनी. यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, शालेय पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी, एकाच दिवशी मागितलेले तीन निरनिराळे तक्ते, आणि शिक्षण परिषदेत सर्वांसमोर उभे राहून आपल्या उपक्रमाचे सादरीकरण करणे. सादरीकरणाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. आता मी आमच्या केंद्रप्रमुख सरांना आधीच लेखी टिपण देते आणि सहकारी गुरुजी बोलतात. त्यांना बोलायला आवडते, मला लिहायला, आणि दोघांनाही हे ठीक वाटते.

आरोग्य प्रकल्पातील कार्यकर्ता, मेळघाट

अभियांत्रिकीला असताना संख्याशास्त्र माझ्या डोक्यात शिरत नव्हते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये तरुणांसाठी सुरू केलेल्या ‘निर्माण’ या उपक्रमाच्या शिबिराला गेलो, तेव्हा आपल्यासारखी अस्वस्थ मुले आणखीही आहेत हे पहिल्यांदा दिसले आणि पदवीनंतर मी धारणी तालुक्यात आलो. तेथे सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी हातात आली. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तांबडा पट्टा, म्हणजे तीव्र कुपोषण, तेथून १२.५ पर्यंत पिवळा. काही मुले पट्टीवर पिवळ्यात येत, पण उंचीच्या मानाने वजन पाहिले तर तीव्र गटात जात, आणि त्याच्या उलटही होई. हे का होते, हा प्रश्न मला झोपू देईना. वजनावरून तीव्र गट ठरवणारी मर्यादा, म्हणजे मध्यकापासून तीन प्रमाण विचलने खाली, याचा अर्थ काय, हे मी वर्गात अनेकदा ऐकले होते. ते समजले ते एका आईच्या मांडीवरच्या मुलाचे वजन वहीत लिहिताना. त्यानंतर जुनी पाठ्यपुस्तके मागवून तोच विषय पहिल्यापासून वाचला.

ध्येयवादी माणसांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. सामाजिक संस्थेतही अहवाल असतात, निधी देणाऱ्यांचे निकष असतात, आणि ज्या गावात खरी गरज आहे ते गाव प्रकल्पाच्या यादीत नसते, असेही घडते. पहिल्या संस्थेत मी याच गोष्टीने खचलो आणि काम सोडले. माझ्याबरोबर आलेल्या, माझ्याहून अधिक तळमळीच्या दोन मुलांनी तर हे क्षेत्रच सोडले. आता मी नोकरी स्वीकारताना ‘माझे किती दिवस गावात जातील आणि किती संगणकासमोर’ हे पहिल्याच भेटीत विचारतो.

बँक अधिकारी, नागपूर

वरील अनुभव वाचून माझा निराळा अनुभव सांगावासा वाटतो. नोकरीतूनच जीवनाचे ध्येय पुरे झाले पाहिजे, हा आग्रह मी सोडला आणि मला मोकळे वाटले. बँकेत सुरुवातीची वर्षे कठीण गेली, कारण ठेव मोडायला आलेल्या वृद्ध ग्राहकाला विमा पॉलिसी घ्यायला लावणे हा उद्दिष्टाचा भाग होता आणि ते मला अनैतिक वाटे. मी विनंती करून कर्जप्रस्तावांच्या छाननीचे काम मागून घेतले. तेथे फाइल असते, ताळेबंद असतो, सातबारा असतो, आणि पूर्ण वाचून झाल्यावरच मत द्यायचे असते. संध्याकाळी मी दोन अंध विद्यार्थ्यांना स्पर्धापरीक्षेची पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करून देते. या दुसऱ्या कामाचे पैसे मिळू लागले तर त्यातला आनंद टिकेल का, याची मला शंका आहे, म्हणून मी ते वेगळेच ठेवले आहे.

सार्वजनिक आरोग्याची विद्यार्थिनी, अमेरिका

येथे अनेक विषयांत वर्गातील सहभागाला गुण असतात आणि सहभाग म्हणजे बोलणे. आपल्याकडे गप्प बसून ऐकणारी मुलगी शहाणी ठरते, येथे तिने वाचन केलेले नाही असा समज होतो. दुसऱ्याचे वाक्य संपण्याआधी आपले सुरू करणे मला जमणारे नव्हते. प्राध्यापकांना भेटून मी अडचण सांगितली. त्यांनी तासाआधी एक परिच्छेद लिहून पाठवण्याची मुभा दिली आणि तो ते वर्गात चर्चेला घेऊ लागले. शिवाय तास सुरू होताच पहिला प्रश्न मी विचारते. चर्चा तापल्यानंतर शिरकाव करणे अवघड असते, सुरुवातीला जागा मोकळी असते.

मनुष्यबळ विभागातील अधिकारी, मुंबई

थोडक्यात लिहितो. ही प्रश्नावली भरतीसाठी वापरू नये, असे ती प्रसिद्ध करणारेच सांगतात, तरीही काही ठिकाणी ती उमेदवार गाळण्यासाठी वापरली जाते. मुलाखतीत कोणी आपला ‘प्रकार’ विचारला तर अक्षरे सांगण्यापेक्षा केलेल्या कामाचा नमुना समोर ठेवावा. भिडस्त उमेदवारांचे लेखी काम अनेकदा त्यांच्या मुलाखतीपेक्षा कितीतरी सरस असते, हे मी वारंवार पाहिले आहे.

एक आई, सांगली

माझ्या मुलाला दहावीला चांगले गुण आहेत. तो फारसा बोलत नाही, पण शेजारच्या कामवाल्या मावशींना मालकाने पगार बुडवला तेव्हा त्याने स्वतः कायदा शोधून तक्रारअर्ज लिहून दिला. त्याला कला शाखा घेऊन पुढे वकील व्हायचे आहे. त्याचे बाबा म्हणतात, की ज्याच्या तोंडून चार माणसांत शब्द निघत नाही तो कोर्टात काय बोलणार. मलाही धाकधूक वाटते. काय करावे?

वकील, कोल्हापूर

ताई, कोर्टात उभे राहून युक्तिवाद करणे हा वकिलीचा लोकांना दिसणारा भाग आहे आणि तो दिवसातला लहान भाग आहे. मी स्वतः फारसा बोलका नाही. माझा बहुतेक वेळ पक्षकाराचे म्हणणे ऐकण्यात, फेरफार आणि खरेदीखते वाचून जमिनीच्या मालकीचा शोध घेण्यात आणि दावा किंवा कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचे लेखी उत्तर, लिहिण्यात जातो. दिवाणी प्रकरणांत पुष्कळ काही लेखी कैफियतीवरच ठरते. जो मुद्दा तेथे लिहिला नाही, तो नंतर कितीही मोठ्या आवाजात मांडला तरी सहसा ऐकला जात नाही. पक्षकारही बोलघेवड्या वकिलासमोर जे सांगत नाही, ते शांतपणे ऐकणाऱ्याला सांगतो. वाटणीच्या एका दाव्यात बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केव्हा आणि कोणाच्या धाकाने केली, हे तिने मला तिसऱ्या भेटीत, भाऊ बाहेर चहा प्यायला गेल्यावर सांगितले.

उभे राहून बोलण्याचा सराव करावा लागतो, हे खरे आहे, आणि तो होतो, कारण तेथे स्वतःविषयी बोलायचे नसते, दुसऱ्याच्या बाजूने बोलायचे असते. आपल्या मुलाने तक्रारअर्ज लिहिला त्याअर्थी ही ओढ त्याच्यात आहेच. सुटीत त्याला एखाद्या वकिलांच्या कार्यालयात बसू द्या. निकालाच्या दिवशी नव्हे, नेहमीच्या दिवशी, म्हणजे तारीख पडते, साक्षीदार येत नाही, पक्षकार वैतागतो, हेही त्याला दिसेल. बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा देता येते, आणि पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. त्यामुळे त्याने आज कला शाखा घेतली तर ही वाट बंद होत नाही, आणि दोन वर्षांनी मन बदलले तर दुसऱ्याही बऱ्याच वाटा उघड्या राहतात, एवढे त्याच्या बाबांना सांगा.