√ दिसलं की अपरिमेय? नाही

ताई, ‘वर्गमूळाचं चिन्ह दिसलं की संख्या अपरिमेय’ हा तुम्ही दिलेला नियम मुलांना सांगू नका, अगदी कळकळीने म्हणतो. अपरिमेय म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता न येणारी संख्या; √४९ तर सरळ ७, म्हणजे परिमेय.

खरी गोची दशांश चिन्हाशी होते. इथे सोलापुरात माझ्याकडे शिकवणीला येणारी नववीची मुलं √०.९ = ०.३ असं बेधडक लिहितात. अहो, ०.३ चा वर्ग ०.०९! ०.९ म्हणजे ९/१०. ९ पूर्ण वर्ग आहे (३×३), १० नाही, म्हणून √०.९ अपरिमेय. उलट √१२.२५ दिसायला अवघड, पण १२.२५ = १२२५/१००, म्हणजे ३५ चा वर्ग भागिले १० चा वर्ग. उत्तर ३.५, परिमेय.

अपूर्णांक आधी संक्षिप्त रूपात आणायचाच. √(८/१८) मध्ये ८ पूर्ण वर्ग नाही, १८ही नाही; तरी २ ने भागल्यावर ४/९ उरतं आणि वर्गमूळ २/३ येतं. शंका असेल तर मूळ अवयव पाडायला, म्हणजे संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात लिहायला लावा. १२२५ = ५×५×७×७, सगळे जोडीने, म्हणून पूर्ण वर्ग. १० = २×५, दोघेही एकटे, म्हणून नाही.

कॅल्क्युलेटर मात्र या कामाला नको. तो √२ ला १.४१४२१३५६२ दाखवून थांबतो, मुलांना ते सांत, म्हणजे तिथेच संपणारं दशांश वाटतं आणि ती ‘परिमेय’ लिहून मोकळी होतात.