पन्नास पैशांना शब्द विकणारे म्हणे धंदा नासवतात

वाईची_शाई
‘शब्दसौदागर’ यांची कालची पोस्ट वाचलीत ना? ज्यांची राहिली त्यांच्यासाठी थोडक्यात: मुक्त लेखन (फ्रीलान्स लिहिणं, भाषांतर करणं) हा धंदा आहे, छंद नाही. शब्दामागे दोन रुपयांच्या खाली काम करायचं नाही. पन्नास पैशांना लिहिणारे बाकीच्यांच्या पोटावर पाय देतात. आणि स्वतःचा ब्लॉग काढा, सहा महिन्यांत गिऱ्हाइकं दारात उभी राहतील. खाली अंगठ्यांची रांग. मी प्रतिसादच लिहायला बसले होते, तो इतका लांबला की म्हटलं वेगळा धागाच काढू.

तर धंदा नासवणारी ती बाई मीच. २०१४ साल, मुलगी दीड वर्षाची, नोकरी सोडलेली. एका भाषांतर एजन्सीने पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका मराठीत करायला पाठवली. ६,२०० शब्द, शब्दामागे ३५ पैसे. झाले २,१७० रुपये, तेही नव्वद दिवसांनी हातात. दोन रुपये मागितले असते तर त्यांनी फोन ठेवला असता, आणि बरोबरच केलं असतं, कारण मला काही येत नव्हतं. ‘प्रायमिंग’ला काय म्हणायचं हे विचारायला मी पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग भरून देणाऱ्याच्या दुकानात गेले. तो म्हणाला, “प्रायमिंग कसलं, पाणी ओतून आतली हवा काढायची.” पुस्तिकेत तेच लिहिलं. एवढं शिकायला मिळालं आणि वर पैसे मिळाले. मी कुणाच्या पोटावर पाय दिला?

आता ब्लॉग. सहा महिने म्हणे! ब्लॉगवरच्या जाहिरातींचे दहा डॉलर जमले की पत्ता पडताळायला गूगलकडून पिनची चिठ्ठी पोस्टाने येते. माझी दोनदा हरवली. शंभर डॉलर झाल्याशिवाय ते पैसे सोडत नाहीत, आणि माझे शंभर व्हायला एकतीस महिने लागले. चार वर्षांत ब्लॉगवरून गिऱ्हाईक आलं ते एक. आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर लिहिलं होतं, ते साताऱ्याच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी वाचलं आणि पेशंटला द्यायची पत्रकं मराठीत करून मागितली. ते काम अजून चालू आहे, दीड रुपयाने. तेव्हा ब्लॉग काढू नका असं माझं म्हणणं नाही. पण सहा महिन्यांची तारीख देऊन नोकरी सोडायला निघालेल्या पोरांना फसवू नका.

शब्दसौदागर
ताई, तुमच्या शिकण्याचं कौतुक आहे. पण अकरा वर्षांनीही त्याच बाकावर ३५ ऐवजी ४० पैसे देऊन नवी मुलं बसवतात, त्याचं काय? मी तीन वर्षं एका एजन्सीत कामं वाटायच्या खुर्चीवर होतो. गिऱ्हाइकाला तीन रुपये लावायचे, अनुवादकाला साठ पैसे. कुणी नव्वद मागितले की मालक म्हणायचा, “यादीतला पुढचा.” त्या यादीत पुढे कोण असायचं? तुम्हीच. राग मानू नका, पण नव्वद पैसे मागणाऱ्याचं काम मी स्वतःच्या हाताने तुमच्यासारख्यांकडे वळवलंय.

तळटीप
‘गिऱ्हाईक’, पण ‘गिऱ्हाइकाला’. धागाकर्तीने बरोबर लिहिलंय. कालच्या मूळ पोस्टमध्ये तीन ठिकाणी ‘गिऱ्हाईकाला’ होतं. शब्दाला दोन रुपये मागणाऱ्याने निदान इकार तरी सांभाळावा.

शब्दसौदागर
@तळटीप आलात? तुमच्याशिवाय धागा अळणीच वाटत होता.

धंतोलीकर
भाऊ, दोन रुपये कायचे अन् पन्नास पैसे कायचे! मले आता मशीनचं भाषांतर तपासाले येते, शब्दामागं पंधरा पैसे. परवा एका फाइलीत ‘बॅटरी चार्ज करा’च्या जागी ‘बॅटरीवर आरोप ठेवा’ होतं. असं दर ओळीले. तपासणं म्हणजे पुसून नव्यानं लिहिणं, पैसे मात्र झाडू मारल्याचे. ३ ऑक्टोबर २०२४ ले मराठीले अभिजात दर्जा भेटला, आम्ही पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात एजन्सीची मेल आली का आता पंचवीसचे पंधरा.

वाईची_शाई
@शब्दसौदागर म्हणजे साठ पैसे ठरवणारा मालक, काम वाटणारे तुम्ही, आणि धंदा नासवला मी? छान हिशेब आहे.

मिठागर
एजन्सीवाले निदान साठ पैसे तरी देतात. मराठीत फुकट लिहून घ्यायची सवय कुणी लावली असेल तर ती दिवाळी अंकांनी. माझंच सांगतो. उरणच्या मिठागरांवर लेख हवा होता. तीन खेपा मारल्या, मिठागरातल्या माणसांबरोबर पहाटे चार वाजता उभा राहिलो, जाण्यायेण्यात २,४०० रुपये गेले. साडेचार हजार शब्द. लेख आला, संपादकांचं ‘अंकाचा कळस’ असं पत्रही आलं. मानधन? पाचशे रुपये ‘यथावकाश’. ते यथावकाश अजून उजाडलेलं नाही. लेखकाची प्रत मात्र आली. कुरिअरवाला म्हणाला, ऐंशी रुपये द्या, टू-पे आहे.

धंतोलीकर
😂😂 स्वतःचा लेख ऐंशी रुपये देऊन विकत घेतला राजेहो!

अंकवाला
आता बोलावंच लागेल. एकवीस वर्षं अंक काढतोय. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही गाडी लोकांच्या हौसेवर चालली आहे. आमच्या ३,००० प्रती निघतात. किंमत ३५०, त्यातले ४० टक्के विक्रेत्याचे. उरलेल्या प्रती जानेवारीत परत येतात त्या माझ्याच पलंगाखाली. सगळा डोलारा जाहिरातींवर. पूर्वी पतपेढ्या आणि सहकारी बँका पान घ्यायच्या, त्यातल्या कितीतरी आता उरल्याच नाहीत. बिल्डर घेतो, पण पैसे पुढच्या गणपतीला देतो. मी बायकोच्या एफडी मोडून अंक काढलेत. आणि इथे लोक ऐंशी रुपयांवर हसताहेत.

मिठागर
कागदवाल्याला दिलेत? छापखान्याला दिलेत? मुखपृष्ठ काढणाऱ्याला, डीटीपीवाल्याला? मग लेखकालाच हौस का असावी?

अंकवाला
खरं सांगू? कारण कागदवाला ‘पैसे नसतील तरी कागद घ्या’ म्हणत मागे लागत नाही. लेखक लागतात. जून उजाडला की माझ्याकडे दीडशे-दोनशे लेख येऊन पडतात, त्यातले निम्मे ‘मानधनाची अपेक्षा नाही’ असं स्वतःच लिहून. तुम्ही नाही दिलात तर दुसरा देईल. कडू लागेल, पण असंच आहे.

शब्दसौदागर
हेच! हेच मी काल म्हणत होतो! यादीतला पुढचा! धन्यवाद संपादकसाहेब, माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात.

अंकवाला
तुमच्या मुद्द्याशी मला कर्तव्य नाही. आणि @मिठागर, लेख कुठला ते मी ओळखलंय. अंक स्टॉलवर असताना, दिवाळीनंतर दोनच आठवड्यांत तो पूर्ण लेख तुम्ही स्वतःच्या ब्लॉगवर टाकलात. एका वाचकाने मला दुवा पाठवून विचारलं, “फुकट मिळतंय तर ३५० कशाला देऊ?” याला काय म्हणायचं?

मिठागर
अरे वा, म्हणजे तुम्हीच ते! बरं झालं भेटलात. मी कुठल्या कागदावर सही केली होती? लेख माझा, ब्लॉग माझा. त्या ब्लॉगमुळेच मला पुढे एका संस्थेचं खारफुटीवरच्या पुस्तिकेचं काम मिळालं, त्यांनी निम्मे पैसे आगाऊ दिले. तुमचा ‘कळस’ वाचून मला एक फोन आला. तो मावशीचा होता.

अंकवाला
कायद्याचं सोडा, संकेत म्हणून काही असतं. आधीच्या पिढीतले लेखक असं करत नव्हते.

मिठागर
आधीच्या पिढीतल्या लेखकांना सरकारी नोकरी आणि पेन्शन होतं.

हिशेबी_वही
भांडण चालू द्या, पण कायद्याचं सोडता येणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ पाहा. हक्क द्यायचे तर लेखी. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. इथे कागदच नाही, म्हणजे हक्क लेखकाकडे. संपादकांना तीन महिने लेख अडकवून ठेवायचा असेल तर दोन ओळी लिहून सही घ्या, कुणी नाही म्हणणार नाही.

आणि सगळ्यांनी उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे. नोंदणी असेल तर लेखी करारातसुद्धा पैसे थकवायची मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय मुदत चुकली की आयकरात त्या कंपनीला तो खर्च पैसे चुकते करेपर्यंत वजा मिळत नाही. ताईंचे नव्वद दिवस आज कुणी लावले तर असं पत्र धाडा की बस.

माझं खरं दुखणं वेगळं आहे. मानधनातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापताना आपण सगळे ‘व्यावसायिक’. (एप्रिल २०२५ पासून कपात सुरू व्हायची मर्यादा वर्षाला ३० ची ५० हजार झाली, तेवढाच दिलासा.) पण आयकरात व्यावसायिकांसाठीच्या सोप्या हिशेबाखाली निम्मं उत्पन्न खर्च धरून मोकळं व्हायला गेलं की सिनेमाचा संवादलेखक बसतो, गीतकार बसतो, आणि पंपाची पुस्तिका लिहिणारी बाई बसते की नाही यावर दोन सीए तीन मतं देतात. गाणं लिहिलं तर व्यवसाय आणि पंपावर लिहिलं तर काय, भजन?

तळटीप
साहेब, इथे वाद पाचशे रुपयांवर चाललाय.

धंतोलीकर
@हिशेबी_वही पत्र धाडलं होतं मी. थकलेल्या पैशांच्या तक्रारीसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर रीतसर अर्ज केला, सात महिन्यांचे ३८ हजार अडकले होते. अठराव्या दिवशी पूर्ण पैसे आले. कायदा चालते, खोटं नाही बोलत. त्या दिवसापासून त्या एजन्सीनं मले एक शब्द दिला नाही. अन् तिच्या मालकाच्या भावाची दुसरी एजन्सी हाये, तिनंही नाही. आता सांगा, जिंकलो का हरलो?

हिशेबी_वही
यावर माझ्याकडे कलम नाही.

शब्दसौदागर
मूळ मुद्द्यावर येऊ या का? @वाईची_शाई, एक विचारतो, खरं सांगा. यंदा दिवाळी अंकात लिहिलंत?

वाईची_शाई
तीन.

शब्दसौदागर
मानधन?

वाईची_शाई
एकाने हजार दिले. दोघांनी अंक. आणि हो, विचारायच्या आधीच सांगते, त्या दोघांना मीच लिहिलं होतं, ‘मानधनाचं बघू नका’. आई ब्याऐंशीची आहे. तिला पत्रकं, पुस्तिका काही कळत नाही. त्यांवर नाव नसतंच. अंकात नाव आलं की ती शेजारच्या काकूंना पान उघडून दाखवते. यासाठी मी वर्षाला आठ हजार शब्द फुकट लिहिते, पुढच्या वर्षीही लिहीन. हसा आता.

शब्दसौदागर
हसत नाही. माझ्या वडिलांना मी काय करतो ते अजून माहीत नाही, ‘कॉम्प्युटरवर असतो’ सांगतात.

पण मग @मिठागर यांचे पाचशे का थकले, हे तुमच्या आईच्या आनंदातूनच सुरू होतं, एवढं तरी मान्य करा.

वाईची_शाई
एवढं मान्य. पण तुमचे दोन रुपये मान्य नाहीत. पहिल्या दिवशी कुणीही देत नाही. आणि सहा महिने तर अजिबात नाही.

शब्दसौदागर
बरं बाई. पोस्ट दुरुस्त करतो: ‘दोन रुपयांच्या खाली देऊ नका, वाईची सोडून’. आणि सहा महिन्यांचे ‘काही वर्षं’ करतो. माझ्या स्वतःच्या ब्लॉगला पहिलं गिऱ्हाईक यायला चौदा महिने लागले होते, ते काल लिहायचं राहून गेलं.

तळटीप
राहून गेलं!

वाईची_शाई
राहून गेलं म्हणे. @धंतोलीकर, ते हाडांचे डॉक्टर आता मधुमेहाच्या आहारावर पत्रकं मागताहेत, मला एकटीला झेपणार नाही. दीड रुपया, महिन्याच्या पाच तारखेला पैसे, मशीन नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

धंतोलीकर
केला.

अंकवाला
@मिठागर, जुनी वही काढून पाहिली. तुमच्या नावापुढे बरोबरची खूण नाही. चूक आमची. अंक पाठवायला पुतण्याला सांगितलं होतं, त्याने टू-पे केलं ते मला खरोखर माहीत नव्हतं. ऐंशी रुपये आजच पाठवतो, नंबर व्यनि करा. ब्लॉगबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

मिठागर
नंबर पाठवलाय. सोबत पाचशेचं बिलही जोडलंय, उद्यम क्रमांकासकट. करार नाही, म्हणजे हिशेबी_वही म्हणतात तसं १५ दिवस. पुढच्या वर्षी ससून डॉकवर लिहायचा विचार आहे, हवा असेल तर आधी दर सांगा.

अंकवाला
किती शब्द?