वृद्धी संप्रेरक आणि चयापचय : स्त्री-पुरुष फरक खरा किती?

निशाचर (धागाकर्ता)

वृद्धी संप्रेरक (ग्रोथ हार्मोन) म्हटले की मुलांची उंची तेवढी आठवते. उंची थांबल्यावरही मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथी ते आयुष्यभर स्रवत राहते, आणि मग त्याचे मुख्य काम चयापचयाचे असते : साठलेली चरबी फोडून मेदाम्ले रक्तात सोडणे, स्नायूंतील प्रथिने राखणे आणि इन्सुलिनला काहीसा विरोध करणे. पुरुषांत त्याचा सर्वांत मोठा उमाळा झोप लागल्यावर थोड्याच वेळात येतो आणि दिवसा पातळी अगदी तळाशी असते. स्त्रियांत उमाळे अधिक वेळा येतात, मधली पातळीही तितकी खाली जात नाही, आणि रजोनिवृत्तीपूर्वी चोवीस तासांचा एकूण स्राव पुरुषांपेक्षा जास्त भरतो. असे असूनही या संप्रेरकामुळे यकृतात तयार होणाऱ्या आयजीएफ-१ची (इन्सुलिनसारख्या वृद्धी घटकाची) पातळी दोघांत साधारण सारखीच आढळते. अर्थात स्त्रीचे यकृत या संप्रेरकाला कमी दाद देते. म्हणून हे संप्रेरक टोचून देण्याच्या उपचाराची मात्रा आणि चाचण्यांचे निकष स्त्री-पुरुषांसाठी मुळातूनच वेगळे असावेत, असे माझे मत आहे.

अनुस्वार

'स्त्रीचे यकृत' हा शब्दप्रयोगच मला खटकतो. पीयूषिकेच्या विकारामुळे वृद्धी संप्रेरक टोचून घेणारी स्त्री इस्ट्रोजेनची गोळी घेत असेल, तर इस्ट्रोजेन आतड्यातून थेट आणि मोठ्या प्रमाणात यकृतात पोहोचते, तेथे वृद्धी संप्रेरकाचा संदेश दबतो, आयजीएफ-१ उतरते आणि मात्रा वाढवावी लागते. त्याच स्त्रीने गोळीऐवजी त्वचेवरची पट्टी लावली, तर हा परिणाम बराच कमी होतो. यकृत तेच, बदलला तो मार्ग. शिवाय वय आणि पोटाच्या आतली चरबी हे घटकही स्राव कमी करतात, आणि ते दोन्ही लिंगांत करतात. तेव्हा मात्रा कमी ठेवून सुरुवात करावी, आयजीएफ-१ मोजावे आणि त्याप्रमाणे वाढवावी. स्त्री की पुरुष हा प्रश्न तेथे दुय्यम ठरतो.

तिसरा प्रहर

आयजीएफ-१ ही मुख्यतः यकृताने दिलेली खबर आहे, मेदपेशींनी दिलेली नव्हे. चरबीचे विघटन वृद्धी संप्रेरक स्वतः मेदपेशींवर काम करून घडवते, त्यासाठी आयजीएफ-१ची मध्यस्थी लागत नाही. त्यामुळे दोघांचे आयजीएफ-१ एकाच आकड्यावर आणले म्हणजे दोघांच्या शरीरात एकच गोष्ट घडली, असे मानणे घाईचे होईल.

गोळीच्या मुद्द्याबद्दल सांगायचे, तर 2002 साली अमेरिकेत 65 ते 88 वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांवरील 26 आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात केवळ वृद्धी संप्रेरक मिळालेल्या पुरुषांचे मेदरहित वजन सरासरी 3.1 किलो वाढले, स्त्रियांचे मात्र 1 किलो. या गटातील स्त्रियांना इस्ट्रोजेन दिलेलेच नव्हते, ना गोळी ना पट्टी. मग हा फरक कोठून आला?

अनुस्वार

प्रश्न रास्त आहे, पण किलोंची तुलना करताना पुरुषांचे मूळ मेदरहित वजनच जास्त असते हे विसरता येत नाही, आणि त्या वयातही पुरुषाच्या रक्तात स्त्रीपेक्षा कितीतरी जास्त टेस्टोस्टेरॉन असते. त्याच प्रयोगात टेस्टोस्टेरॉनची जोड मिळालेल्या पुरुषांची वाढ 4.3 किलोवर गेली, तर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची जोड मिळालेल्या स्त्रियांची 2.1 किलोवर. म्हणजे फरक घडवतात ती लैंगिक संप्रेरके, आणि ती मोजता येतात.

तिसरा प्रहर

तुम्ही माझाच मुद्दा वेगळ्या शब्दांत मांडलात. लैंगिक संप्रेरकांचा फरक हा लिंगाचा फरक नाही, तर काय आहे? आणि त्या प्रयोगात किंमतही एकसारखी मोजावी लागली नाही : स्त्रियांत सूज ठळकपणे दिसली, तर पुरुषांत वृद्धी संप्रेरक घेणाऱ्यांमध्ये रक्तशर्करेचे बिघाड न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले.

बोरू

उंदीरवर्गीय प्राण्यांचा दाखला कोणी देण्याआधीच एक सावधगिरीची सूचना. प्रयोगशाळेतल्या नर उंदरात (रॅट) दर तीन-साडेतीन तासांनी उमाळा येतो, मादीत स्राव बराचसा सलग असतो, आणि नराला हे संप्रेरक सलग दिले तर त्याच्या यकृतातील विकरे (एन्झाइम) मादीच्या वळणावर जातात. फार सुंदर प्रयोग आहे, पण माणसाच्या यकृतात हा फरक इतका टोकाचा नाही.

निशाचर (धागाकर्ता)

'स्त्रीचे यकृत' हे शब्द मी मागे घेतो. मात्रेबाबत मात्र माझे मत कायम आहे, फक्त त्यात एक भर घालतो : तपासणीच्या कागदावर स्त्री की पुरुष याच्या शेजारीच रजोनिवृत्ती झाली आहे का आणि इस्ट्रोजेन गोळीने घेतले जाते की पट्टीने, हेही लिहिलेले असावे. गोळीची पट्टी झाली की वृद्धी संप्रेरकाची जुनी मात्रा त्याच स्त्रीला जास्त ठरू शकते, त्यामुळे ही नोंद एकदाच करून भागणार नाही.